पल्सर १८० ला २२० चं तोंड: आगोटीच्या आत बसेल का?

पिग्मीवाला, गुहागर
१२ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो. घाई असेल त्यांनी थेट शेवटच्या परिच्छेदावर जावं.

गाडी पल्सर १८०, २०१३ ची, एमएच ०८ पासिंग. एक लाख बारा हजार किलोमीटर पळाली. इंजिन एकदा उघडून झालं, क्लच प्लेटा दोनदा. मी पतपेढीचा पिग्मी एजंट. सकाळी बाजारपेठ, दुपारी घरी जेवण, चारनंतर असगोली, पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी. शेवटचा खातेदार हेदवीचा टपरीवाला. तो साडेआठला फळी लावतानाच पैसे देतो. त्याआधी मागितले तर म्हणतो, "गल्ला मोजला नाय अजून." म्हणजे परतीचा सगळा रस्ता अंधारात, बाराही महिने.

पावसात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. रेनकोट चांगला आहे. तरी साठच्या स्पीडला पाऊस समोरून छातीवर आदळतो आणि चेनच्या फटीतून आत उतरतो. वेळणेश्वर येईस्तोवर बनियन चिंब. पिग्मीचं मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत, तरी गेल्या जुलैत त्याने अर्धी पावती छापून जीव सोडला. भरपाई कोणाच्या खिशातून गेली ते विचारू नका.

दुसरं दुखणं लाइटचं. पालशेतच्या उतारावर रात्री पाऊस असला की माझा दिवा म्हणजे देवघरातली समई. समोरून डंपर आला तर रस्त्याची कड नुसत्या अंदाजाने.

आता मुद्दा. चिपळूणच्या एका भंगारवाल्याकडे २२० एफ ची पुढची अख्खी फेअरिंग, म्हणजे दिव्याभोवतीचं प्लॅस्टिकचं तोंड, मिळाली. २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी. मालकाने इंजिन विकलं, सांगाडा तसाच पडून होता. काच, आतला काळा ब्रॅकेट, दोन्ही दिवे, आरसे, सगळं मिळून बावीसशे म्हणाला, सोळाशेला दिलं. गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटवर बांधून आणलं. मोडका आगरला एका ओळखीच्याने हात करून थांबवलं आणि विचारलं, "काय रे, रानडुकराचं मुंडकं आणलंस की काय?" डाव्या आरशाखाली बोटभर तडा आहे आणि बोल्ट बसतो तो एक कान तुटलेला आहे. बाकी माल ठीक.

माझा तर्क साधा आहे. बजाजने २०१९ मध्ये १८० एफ काढली, तिचं तोंड २२० सारखंच. कंपनीला जमतं ते आपल्याला का जमू नये? तर हे माझ्या १८० ला थेट बसेल का, चासिसला वेल्डिंग लागेल का, तडा कसा बुजवायचा, आणि मृग लागायच्या आत होईल का? कोणी केलं असेल तर खरं खरं सांगा. फोटोत छान दिसतं हे मलाही माहीत आहे.


सतराचा पाना, खेड
१३ मे, सकाळी ७:१५

दादा, वस्तू आणलीत ती आणलीत. पण अजून काही उघडू नका. फक्त जुना हेडलाइट उतरवा आणि टॉर्च मारून हॅण्डलच्या मागे बघा, चासिसचा उभा गळा असतो तिथे. २२० ची फेअरिंग हॅण्डलला नसते, चासिसला असते. हॅण्डल फिरलं तरी ती जागची हलत नाही. तुमच्या १८० चा दिवा फोर्कवर, म्हणजे पुढच्या शॉकवर आहे, तो हॅण्डलबरोबर फिरतो. म्हणजे नुसतं तोंड बदलणं नाही हे, तोंड ज्या खुंटीला टांगायचं ती खुंटीच वेगळी आहे. तुमच्या गळ्यावर तो काळा ब्रॅकेट धरायला जागा, भोकं काही आहेत का, ते डोळ्याने बघितल्याशिवाय पुढची गोष्टच नको.

माझ्याकडे पोरं येतात, म्हणतात काका, दोन पट्ट्या वेल्ड करून द्या गळ्यावर. मी देत नाही. भांडून गेलेत काही जण. त्या गळ्यात वर-खाली कोनसेटच्या, म्हणजे हॅण्डलच्या बेअरिंगच्या, वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. वेल्डिंगच्या आचेने ग्रीस वितळून जातं, वाट्या ढिल्या होतात, आणि खड्ड्याचा सगळा मार जिथे येतो नेमकं तिथलं लोखंड ठिसूळ होतं. गाडी सहा महिने काही बोलत नाही. मग एक दिवस बोलते. पट्टी लावायची तर क्लॅम्पने आवळायची, मध्ये रबर घालून, जेणेकरून उद्या काढली तर गाडी होती तशी उभी राहील.

कान का तुटतात तेही सांगतो. एक सिलिंडरचं इंजिन आहे, थरथर असणारच. कंपनीच्या फिटिंगमध्ये कानाच्या भोकात रबराचा ग्रोमेट, म्हणजे कडं, असतो आणि त्यात धातूची छोटी नळी. बोल्ट आवळला की दाब त्या नळीवर येतो, प्लॅस्टिकवर येत नाही. आपली माणसं नळी हरवतात, नुसता वॉशर घालून बोल्ट पिळतात, आणि दोन महिन्यांत कान हातात. भंगारवाल्याने नळ्या दिल्यात का ते मोजून घ्या. आणि बोल्ट सुटू नये म्हणून जो डिंक लावतात, थ्रेड लॉकर, तो ह्या प्लॅस्टिकच्या आसपास अजिबात नको. ओघळ लागला तरी प्लॅस्टिकला केसासारखे तडे जातात. नायलॉनचा नट वापरा.

बसवलीच तर स्टँडवर उभी करून इंजिन चालू ठेवायचं आणि हॅण्डल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. फिरवताना आपोआप रेस वाढली तर केबल ताणली जातेय, ती दुसऱ्या वाटेने घ्यायची. हे सोडलंत तर कधी तरी गल्लीत यू टर्न मारताना गाडी तुम्हाला घेऊन पाखाडीवरून उतरेल. मुठीवरची बोटं फेअरिंगला लागतात का, ब्रेकचा पाइप घासतो का, तेही तेव्हाच दिसतं. मग पुढचा ब्रेक धरून सगळं वजन टाकून फोर्क दाबायचे आणि मडगार्ड फेअरिंगच्या खालच्या ओठाला टेकतं का बघायचं.

वायरिंगचं म्हणाल तर २२० ला दोन वेगळे दिवे, एकेक ५५ वॅटचा. तुमचा एकच बल्ब, ३५/३५. पंचावन्न वॅट म्हणजे बारा व्होल्टला साडेचार अँपिअरच्या वर. तुमच्या स्विचमधून आज तीनच्या आत जातात. तशीच जोडलीत तर हॅण्डलचा स्विच आतून जळणार. रिले (दिव्याचा जड करंट हॅण्डलच्या स्विचऐवजी स्वतःतून नेणारा डबा) पाहिजे, बॅटरीवरून स्वतंत्र तार आणि फ्यूज पाहिजे. आणि पुरातली गाडी आहे म्हणता, तर तारांचा प्रत्येक जोड, म्हणजे कपलर, उघडून बघा. पिनांवर हिरवं फूल आलेलं असणार. दिव्याच्या आत गाळाची रेघ दिसली तर त्या दिव्यावर पैसे घालू नका.

वेळेचं: दोन दिवसांचं काम आहे, पण पंधरा दिवस धरा. नळ्या, रबरं, क्लॅम्प ह्यातच जातात.


देवगडचो आंबो
१३ मे, दुपारी २:०५

मी घातलंय. सांगतंय. (मालवणीत सगळं लिहिलं तर गुहागरकर म्हणतील भाषांतर करून द्या, म्हणून पुढचं सरळ लिहितो.)

माझी पण १८०, २०१२ ची. २०१७ साली गणपतीच्या आधी २२० चं तोंड चढवलं, क्लॅम्पवर. पहिला महिना मी गाडीवरून उतरतच नव्हतो. देवगडहून कुणकेश्वरला जायचं निमित्त शोधायचो. छातीवरचा वारा गेला हे शंभर टक्के खरं. पाऊसही छातीवर येत नाही. पण पाणी कुठे तरी जाणारच ना? ते काचेच्या कडेवरून उचललं जातं आणि बरोबर हेल्मेटवर येतं, घूं घूं आवाज करत. उंची किती आहे तुमची? माझी पाच दहा, मला तो आवाज डोक्यात जायचा. हात कोपरापासून पुढे ओलेच, कारण फेअरिंग अरुंद. आणि गुडघे तर उघड्यावर. म्हणजे बनियन वाचेल, पँट नाही.

आता लाइट. सपाट रस्त्यावर २२० चा प्रोजेक्टर (भिंगाचा दिवा) म्हणजे काय विचारता. तळेऱ्यापर्यंत राजा. पण आंबे घेऊन कोल्हापूरला जायचो ते वैभववाडीवरून करूळ घाटाने, आणि तिथे मला ह्या दिव्याची ओळख पटली. दिवा चासिसवर आहे ना. तो गाडीच्या नाकासमोर बघतो, हॅण्डल कुठे वळलंय ते त्याला माहीतच नाही. जोरात असताना काही कळत नाही, कारण जोरात गाडी अंगाने कलून वळते, हॅण्डल जेमतेम फिरतं. पण मागे पेट्या, समोर ट्रक, दहा-बाराच्या स्पीडला नागमोडी वळण, तेव्हा हॅण्डल चांगलं वळवावं लागतं. आणि दिवा बघतो दरीत. वळणाच्या आतली बाजू काळीकुट्ट. कंपनीची २२० घेतली तरी हेच होणार, तो काही माझ्या फिटिंगचा दोष नव्हता.

तुम्ही वर्णन केलंत ते रस्ते मी बघितलेत. तिथली वळणं बघता हा मुद्दा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागेल. खर्च करायच्या आधी फुकटची परीक्षा घ्या: एक बऱ्यापैकी टॉर्च टाकीवर घट्ट बांधा, नाकासमोर. रात्री तुमच्या त्या पालशेतच्या उतारावर जा आणि फक्त टॉर्चवर तिथलं वळण घ्या, पहिल्या गिअरमध्ये. २२० ला काय दिसतं ते तुम्हाला दिसेल. टॉर्चचा उजेड कमी असेल, पण दिशा तीच.

माझं तोंड २०२० मध्ये काढलं. अजून माळ्यावर आहे. विकायचं नाही, विचारू नका.


फायबरवाला, मिरकरवाडा
१३ मे, रात्री ९:३०

आमचा धंदा होड्यांचा, गाड्यांचा नाही. पण तड्याचं विचारलंत म्हणून.

फेअरिंगच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छाप असतो, तो बघा. एबीएस (प्लॅस्टिकची एक जात) असेल तर आमचं होडीचं रेझिन आणि मॅट त्याच्यावर नीट धरत नाही. लोक आणतात आमच्याकडे, "जरा एक थर मारून द्या." मारून देतो, पावसाळा काढतं, मग पापुद्र्यासारखं उचकटतं. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, त्याचा फायदा घ्या. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे तुकडे, तुटका कान असेल तर त्याचाच चुरा, काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी डोशाच्या पिठासारखं होईल. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडा, नाहीतर तडा पुढे पळतो. आतल्या बाजूने कड खरवडून व्ही करा, पीठ भरा, वर स्टीलची बारीक जाळी दाबा, परत पीठ. दोन दिवस हात लावू नका. बाहेरून काही करू नका, बाहेरचं रंगवाला बघेल. ॲसिटोन भडकतं, चुलीपासून लांब. आणि पीपी असा छाप असेल तर हे काहीच चालणार नाही, ते विरघळत नाही. मग गरम सोल्डरिंगच्या टोकाने जाळी आत वितळवून बसवायची.

पेट्रोलच्या फडक्याने प्लॅस्टिक पुसायची सवय असेल तर सोडा. तड्याजवळ तर नकोच.

आणखी एक, समुद्राकाठचं म्हणून. दुकानात मिळतात ते पिवळट चमकीचे बोल्ट एका पावसाळ्यात गंजून डोकी गोल होतात. स्टेनलेसचे घ्या. पण जिथे ॲल्युमिनियममध्ये जायचे असतील तिथे ग्रीस लावल्याशिवाय घालू नका, खाऱ्या हवेत दोघं एकमेकांना खातात आणि मग बोल्ट निघत नाही, आटेच निघतात.


कागदवाले काका, रत्नागिरी
१४ मे, सकाळी ११:००

सगळ्यांनी पाना-पक्कड सांगितली. मी कागद सांगतो, राग मानू नका.

कंपनीने १८० एफ काढली म्हणजे तुमच्या १८० ला ते तोंड मंजूर झालं असं होत नाही. ती मंजुरी त्या मॉडेलला असते. मोटार वाहन कायदा १९८८, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ बघा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं, त्यात मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावरचा हवालदार रोज हे काढत बसत नाही हे मलाही माहीत आहे. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर काढतो.

तुमची गाडी २०१३ ची. पंधरा वर्षं २०२८ ला भरतात. तेव्हा नोंदणी वाढवायला गाडी तपासणीला उभी करावी लागेल, आणि तिथे १८० च्या आरसीवर २२० चं तोंड कसं दिसेल ते बघा. शिवाय नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेतली असेल तर पुढची पाटी स्नॅप लॉकने बसवलेली आहे. ती काढायची म्हणजे तोडायची, आणि पुन्हा मागवायची.


पिग्मीवाला, गुहागर
१७ मे, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. काका, पाटीचं डोक्यातच आलं नव्हतं. बसवून घेतली आहे, ती नेमकी आडवी येते.

आज टॉर्चची परीक्षा दिली. सविस्तर सांगतो, कारण मला स्वतःला पटायला वेळ लागला.

मुलाला मागे घेतलं. टॉर्च त्याची, कुर्ल्या पकडायला जातो ती, उजेड माझ्या हेडलाइटपेक्षा बरा म्हणायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबने टाकीवर आवळली. दहा वाजता पालशेतच्या उताराच्या वर उभे राहिलो, हेडलाइट बंद केला, पहिला गिअर टाकला आणि सोडली खाली.

सरळ पट्ट्यात छान. मनात म्हटलं, देवगडकर उगाच घाबरवतात. मग डावं वळण आलं. मी हॅण्डल वळवलं आणि उजेड गेला समोरच्या जांभ्याच्या दरडीवर. दरडीतली मुळं, सुकलेलं शेवाळं, कोणी तरी चुन्याने काढलेला बाण, सगळं लख्ख. रस्ता डावीकडे होता आणि तिथे काही नव्हतं. म्हणजे रस्ता असणार, पण मला दिसत नव्हता. पाय खाली सोडून कसाबसा काढला.

पुढचं उजवं. इथे कड उघडी आहे. उजेड कठड्यावरून पलीकडे गेला आणि खालच्या वाडीतल्या माडांच्या शेंड्यांवर पडला. झावळ्या अशा चमकल्या की मुलगा मागून म्हणाला, "बाबा, मस्त." मी थांबलो. दोन्ही पाय टेकून, हॅण्डल उजवीकडे तसंच वळलेलं ठेवून, फक्त माझा स्वतःचा हेडलाइट चालू केला. तीच समई. तिच्या त्या पिवळट उजेडात, माझ्या चाकापासून दीड-दोन वाव पुढे, रस्त्याच्या मध्ये एक गाय बसली होती. रवंथ करत. टॉर्चमध्ये तिचं शिंगसुद्धा दिसलं नव्हतं.

मुलगा उतरला, तिला हुसकावायला गेला, ती उठली नाही. आम्हीच बाजूने गेलो.

तर मंडळी, फेअरिंग आता पडवीत आहे. सोळाशे पाण्यात गेले असं घरातून ऐकून झालं. छाती आणि मशीन ह्यांचं काय करायचं ते सुचवा.


सतराचा पाना, खेड
१८ मे, सकाळी ७:००

गायीने सोळाशेत सोडवलं म्हणायचं.

समई का झाली ते बघा ना आता. मल्टीमीटर घ्या, इंजिन चालू, रेस थोडी वाढवून बॅटरीवर व्होल्टेज बघा. चौदाच्या आसपास पाहिजे. मग दिवा चालू ठेवून बल्बच्या पिनांवर बघा. बारा वर्षं खारी हवा खाल्लेला स्विच आणि कपलर असतील तर तिथे बराच कमी मिळेल. हॅलोजनचं गणित वाईट असतं: व्होल्टेज दहा टक्के पडला की उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. बल्बला शिव्या देण्यात अर्थ नाही, त्याला पोटभर मिळत नाही.

मी २२० साठी सांगितलेला रिले इथेच लावा, ३५ वॅटच्याच बल्बला. लोक लगेच ६०/५५ चा कारवाला बल्ब घालतात, तो घालू नका, आतला रिफ्लेक्टर करपतो. रिफ्लेक्टरचा मुलामा गेलेला असेल तर तो पुसून येत नाही, अख्खा हेडलाइट बदला. तुमच्याच मॉडेलचा, म्हणजे काकाही खूश.

छातीसाठी फोर्कवर बसणारी छोटी पारदर्शक काच मिळते. फार मोठी घेऊ नका. हॅण्डलबरोबर फिरणाऱ्या काचेवर बाजूने वारा लागला की तो वारा हॅण्डल फिरवतो. राई-भातगावच्या पुलावर कधी गेलात तर कळेल.


पिग्मीवाला, गुहागर
२१ सप्टेंबर, रात्री ९:५०

गणपती आटोपले, उसंत मिळाली. धागा अर्धवट टाकणाऱ्यांवर मी स्वतः चिडतो, म्हणून शेवट लिहून टाकतो.

बॅटरीवर १३.९ आलं. बल्बच्या पिनांवर १०.९. तीन व्होल्ट वाटेत कोण खातंय ते शोधायला शृंगारतळीच्या वायरमनने हॅण्डलचा स्विच उघडला. आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या, एक तर अर्धी झिजलेली. पानावाल्यांच्या हिशेबाने बसवलं तर माझ्या बल्बचा निम्म्याच्या वर उजेड वाटेतच सांडत होता, आणि मी वर्षानुवर्षं नुसते बल्ब बदलून बघत होतो. रिले, फ्यूज, दोन जाड तारा, नवा ३५/३५ बल्ब, नवा हेडलाइट. आता पिनांवर १३.४ येतं. समई राहिली नाही. प्रोजेक्टरही झाला नाही. पण हेदवीहून येताना साइडपट्टी कुठे संपते ते दिसतं, आणि वळणावर तो माझ्याबरोबर वळतो.

दिवा बसवल्यावर रात्री गाडीवर बसून, पाठीवर बॅग घेऊन, शाळेच्या भिंतीवर उजेडाची उंची लावून घेतली. बसल्याशिवाय लावू नका, मागचा शॉक दबला की दिवा आकाशात जातो. मी आधी नुसत्या स्टँडवर लावला होता, समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने माझ्या आईची आठवण काढली.

काच लावली, वीतभरच. छातीवरचा पाऊस पुरता गेला नाही, निम्मा गेला. रेनकोटच्या चेनवर आतून जुन्या ट्यूबची पट्टी शिवून घेतली, तिने बाकीचं काम केलं. सांगितलं कोणी? असगोलीच्या शिंप्याने, जो माझ्याकडे रोज वीस रुपये भरतो. मशीनने जून ते सप्टेंबर एकही पावती अर्धी सोडली नाही.

आता फेअरिंग. पडवीत उलटी ठेवली होती, पोकळ बाजू वर. आत गोणपाट होतंच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बघतो तर आमची खुडूक कोंबडी तिच्यात बसलेली. जिथे २२० चा मीटर असतो नेमकी तिथे. त्याच आठवड्यात अडूरचा एक जण आला, त्याची खरीखुरी २२०, पालखीच्या गर्दीत पडली होती, पुढचं तोंड फुटलेलं. त्याला माल पसंत पडला, पैसे काढले, आणि बायकोने सांगितलं, एकवीस दिवस थांबायला लागेल. तो हसला, मग त्याला कळलं की ती चेष्टा करत नाहीये. अठराशे ठरले, दोनशे ॲडव्हान्स देऊन गेला. बिचारा तीन आठवडे फुटक्या तोंडाला चिकटपट्टी मारून फिरत होता, आणि बाजारात भेटला की पिल्लांची चौकशी करायचा.

जुलैत गोणपाट मोकळं झालं. फायबरवाल्या भाऊंच्या पद्धतीने कान आणि तडा सांधून दिला. छाप एबीएसचाच निघाला. पीठ पहिल्यांदा पातळ झालं, दुसऱ्यांदा जमलं. अडूरवाल्याने ती माझ्यासमोर बसवली, नळ्या घालून, नायलॉनच्या नटांवर, हॅण्डल दोन्हीकडे फिरवून बघितलं. परवा विचारलं, कान अजून शाबूत आहे.

पिल्लं नऊ निघाली. एक घारीने नेलं.